कागद उलटा करून बघणारी

आमची धाकटी सून कुठलाही कागद हातात आला की आधी उलटा करून बघते. कागदच कशाला, शर्ट, बशी, औषधाची बाटली, सगळ्याची पाठ आधी, तोंड नंतर. लग्न ठरवताना मी तिला माझ्या मुलाचा फोटो दाखवला, तर तोही तिने उलटा केला. मागे स्टुडिओवाल्याचा शिक्का होता. तो वाचून म्हणाली, "हा फोटो सहा वर्षांपूर्वीचा आहे."

मी म्हटलं, "असू दे, मुलगा तोच आहे."

ती खुदकन हसली. मला तेव्हाच कळलं, ही घरात आली तर आपल्याला जपून बोलावं लागणार. अठरा वर्षं झाली, मी बऱ्यापैकी जपून बोलते. एकदाच चुकले, आणि तेच इथे सांगायचं आहे.

धाकटी एका वकीलबाईंकडे काम करते. खाली कुलुपांचं दुकान, वर दोन खोल्यांचं ऑफिस. जिना इतका अरुंद, की चढणाऱ्याने आणि उतरणाऱ्यानेही आधी हाक मारायची. वकीलबाई कोर्टात बोलतात आणि त्यांचं नाव होतं. पण त्या जे कागद हातात धरून बोलतात ते लोकांच्या ट्रंकांतून, गाद्यांखालून, जुन्या पिशव्यांतून बाहेर काढते ती धाकटी. वकिली एकीची, पाठपुरावा दुसरीचा. कुणाकडे कुठला कागद राहिला हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल.

पूर्वी लोक स्वतः यायचे. प्लास्टिकच्या पिशवीत सगळा संसार कोंबून आणायचे, ती टेबलावर ओतायची, वेगळं करायची, उलटं करून बघायची, झालं. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि लोकांनी जिना चढणं सोडलं. फोटो येऊ लागले. तिरके फोटो, अंधारातले फोटो, अंगठ्याचे फोटो. एकाने भाडेकरार पाठवला, त्यात करार कमी आणि मांजर जास्त. कुणी ईमेलवर, कुणी मेसेजवर, कुणी माझ्या मुलाच्या फोनवर, कारण "वहिनींचा नंबर लागत नव्हता." आमचा मुलगा लिफ्टची दुरुस्ती करतो. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असताना त्याच्या खिशात कुणाच्या तरी जन्माचा दाखला वाजायचा.

दोन वर्षांपूर्वी एक जुनी इमारत पाडायची ठरली. जे तिथे खरोखर राहतात त्यांना नव्या इमारतीत घर मिळणार होतं, फक्त राहतो हे कागदावर दाखवायचं होतं. काम वकीलबाईंकडे आलं. तीस कुटुंबं होती. अठ्ठावीस जणांना घर मिळालं. दोघांचे भाडेकरार आले होते, पण फोटो नुसते पुढच्या बाजूचे. नूतनीकरणाचा शिक्का असतो मागे. त्या शेकडो फोटोंच्या ढिगात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते शेवटच्या दिवशी, कागद घेणारी सरकारी खिडकी बंद झाल्यावर.

त्यातली एक बाई दोन मुलींना घेऊन बहिणीच्या स्वयंपाकघरात राहायला गेली. पुढे कधीतरी ती धाकटीला बसस्टॉपवर भेटली. बोलली, चौकशी केली, मुलींच्या शाळेचं सांगितलं. धाकटी घरी आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली.

"आई, तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाली.

या वर्षी त्याच रस्त्यावरची दुसरी इमारत निघाली. चौसष्ट घरं. घरटी सात कागद. वकीलबाईंनी धाकटीला बोलावून सांगितलं, "या वेळी मेसेजवर काही घ्यायचं नाही. लोकांकडून कागद गोळा करायची नीट साधनं मिळतात आता बाजारात. बघ, तपास, एक निवड. बुधवारी ठरवू. तुला नाही जमलं तर हे काम मी बाहेरच्या कंपनीला देते."

"मला जमेल," धाकटी म्हणाली. घरी येऊन वहीत पहिल्या पानावर तिने मोठ्या अक्षरात लिहिलं: चौसष्ट. आणि खाली लिहिलं: एकही राहता कामा नये.

तिने तीन साधनं निवडली. त्यांची नावं परदेशी औषधांसारखी होती, माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी त्यांना माझी नावं दिली. एक पोतडी, एक निळं, एक हिरवं. पुढे ऑफिसातही तीच चालली.

आणि मग तिने मला कामाला लावलं.

"आई, त्या इमारतीत निम्मी माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. मला आणि टायपिस्टबाईंना जमून उपयोग काय? तुम्हाला जमलं पाहिजे."

"म्हणजे मी तुझा उंदीर."

"उंदीर काय, परीक्षक म्हणा. मी ऑफिसातून मेसेज पाठवीन. तुम्ही घरी एकट्या असाल. कुणाला विचारायचं नाही, मला फोन करायचा नाही. आपले घरचेच सात कागद पाठवायचे. किती वेळ लागला, कुणाची मदत घेतली, संध्याकाळी मला सांगायचं. खरं सांगायचं हां."

मी चौथी शिकलेली. परीक्षक होण्याची पाळी आयुष्यात पहिल्यांदा आली होती. मी चष्मा पुसून बसले.

पहिल्या दिवशी पोतडी. ती म्हणजे एकच मोठं कपाट, सगळ्यांनी आपापले कागद आत टाकायचे. टाकायला सोपं होतं, खोटं कशाला बोलू. पण आत गेल्यावर दुसऱ्यांनी टाकलेलंही दिसत होतं. ऑफिसातल्यांनी तपासणीसाठी स्वतःचे कागद टाकले होते. त्यात टायपिस्टबाईंचा जन्मदाखला. मी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला.

संध्याकाळी धाकटीला म्हटलं, "ह्या टायपिस्टबाई चोपन्नच्या आहेत होय? मला तर पंचेचाळीस सांगतात."

धाकटीने कपाळाला हात लावला. "तुम्हाला दिसलं ते?"

"मला काय, जो आत गेला त्याला दिसेल. चौसष्ट घरांत कुणाचं लग्न कधी झालं आणि पहिलं मूल कधी, सगळं सगळ्यांना कळायचं. इमारत पाडायला यंत्र लागणार नाही."

पोतडी त्याच रात्रीच्या जेवणाआधी बाद झाली. मला माझाच अभिमान वाटला, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

दुसऱ्या दिवशी हिरवं. मेसेज आला, त्यावर बोट ठेवलं की थेट उघडलं. एका वेळी एकच कागद मागायचं. भाडेकरार मागितला. दोन चौकटी दिसल्या, एकीत १, दुसरीत २. मी करार टेबलावर ठेवला, उभी राहिले, श्वास धरला, फोटो काढला. पहिली चौकट भरली. पुढे जायचं बटण दाबलं, तर ते जाईना. वर लाल अक्षरं: अपूर्ण. पुन्हा फोटो काढला. अपूर्ण. तिसऱ्यांदा खिडकीजवळ नेऊन काढला. अपूर्ण! मी फोन उशीवर टाकला. चार मुलं वाढवली, मला कुणी तोंडावर अपूर्ण म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी सांगितलं, "ते हिरवं हट्टी आहे. नको."

धाकटीने लिहून घेतलं, पण वही मिटली नाही. "हट्टी म्हणजे कसं?"

"हट्टी म्हणजे हट्टी. तुझ्यासारखं."

माझा मुलगा जेवता जेवता म्हणाला, "मग तर चांगलं असणार."

"तू गप्प जेव," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

तिसऱ्या दिवशी निळं. दिसायला देखणं. उघडल्याबरोबर स्वागत, फुलं, माझं नाव. मग म्हणे खातं उघडा. पासवर्ड द्या. त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं. मी नातवंडांची नावं दिली, ती कमकुवत ठरली. तासभर झटले. बारा वाजून गेले. धाकटीने आदल्याच दिवशी वकीलबाईंना सांगितलं होतं, "माझ्या सासूबाई काय म्हणतात त्यावर ठरवू." ऑफिसात माझ्या नावाने दोन बायका थांबलेल्या, आणि मी कमकुवत नातवंडं घेऊन बसलेली. दोन साधनं मी आधीच नापास केली होती. तिसरंही मला जमलं नाही म्हटलं तर लोक साधनाला नाही, मला नापास करतील. धाकटीचंही हसं होईल.

मी कागद घेतले, चप्पल घातली आणि खालच्या औषधवाल्याकडे गेले. भला माणूस. गिऱ्हाईक नव्हतं. त्याने पासवर्ड करून दिला, गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटामागे लिहून दिला, काउंटरवरच कागद पसरून भराभर फोटो काढले. दहा मिनिटांत सगळं पार. शेवटी पडद्यावर पुन्हा फुलं आणि "धन्यवाद, आपले कागद मिळाले."

संध्याकाळी धाकटीने विचारलं, "किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"मदत?"

जीभ जरा अडखळली. पण ती पेन उचलून इतक्या आशेने बघत होती. "कुणाची नाही," मी म्हटलं.

तिने लिहिलं: निळं, आई, दहा मिनिटं, मदत नाही. आणि त्याखाली रेघ मारली. एवढी वर्षं ती प्रत्येक गोष्ट उलटी करून बघत आली आहे. माझा शब्द तिने उलटा केला नाही. रात्री मला तेच टोचत राहिलं.

मंगळवारी ती म्हणाली, "आई, उद्या याल का ऑफिसात? निळंवाल्यांचा माणूस येतोय. वकीलबाईंना तुम्हाला बघायचंय. त्या इमारतीतली तीन माणसंही येणार आहेत, तिथेच करून बघायला."

मी गेले. पर्समध्ये गोळ्यांचं पाकीट घेऊन गेले, कारण विचारलंच तर पासवर्ड लागेल. जिना चढताना हाक मारली, "वर येतेय!" आणि मनात आलं, कुणी तरी "येऊ नका" म्हणालं तर किती बरं.

निळंवाला टाय लावून आलेला, चाळिशीचा, बोलायला मधाळ. वकीलबाई टेबलाच्या एका टोकाला, टायपिस्टबाई खिडकीत. माझ्याशी नजर भिडली की त्या चेहरा वळवत होत्या, चोपन्न हा आकडा आमच्या दोघींच्या मध्ये उभा होता. इमारतीतल्या तिघांपैकी एक शाळेतली बाई आणि एक टॅक्सीवाला. दोघांनी पटापट केलं. तिसरे टेलरमास्तर. मी त्यांना ओळखत होते, माझ्या मुलाची पहिली लांब पँट त्यांनीच शिवलेली. आता डोळ्यांना दिसतं कमी. एक्केचाळीस वर्षं ते त्या इमारतीत एका खोलीत राहतात. तिथेच शिवण, तिथेच झोप. बायको गेली तीही तिथूनच.

मास्तरांचं पासवर्डवर गाडं अडलं. सुई ओवणारी बोटं, पण पडद्यावर भलतीच अक्षरं दाबायला लागली. टायवाला म्हणाला, "काका, सोपं आहे, एक कॅपिटल अक्षर द्या." मास्तरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

धाकटी त्यांच्या शेजारी वाकली आणि त्यांना धीर द्यायला म्हणाली, "घाबरू नका मास्तर, जमेल. ह्या माझ्या सासूबाई आहेत ना, ह्यांनी घरी एकट्यांनी केलं. दहा मिनिटांत."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. कौतुकाने. मग त्यांनी फोन टेबलावर हळूच ठेवला, आपले कागद एक एक करून पिशवीत घालायला लागले.

"मास्तर, काय करताय?"

"वहिनींना जमतं आणि मला जमत नाही, म्हणजे माझंच डोकं संपलं, पोरी," ते म्हणाले. "मी जातो मुलीकडे राहायला. एका खोलीसाठी सगळ्यांना कशाला ताटकळत ठेवू? माझं घर सोडून द्या यादीतून."

धाकटीचा चेहरा मी बघितला. बसस्टॉपवरून आली होती त्या दिवशीचा चेहरा. चौसष्टातलं पहिलं घर तिच्या डोळ्यांदेखत पिशवीत चाललं होतं, आणि पिशवीचं तोंड मी धरलं होतं.

मी उभी राहिले. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"मास्तर, बसा. मला नाही जमलं. औषधवाल्याने करून दिलं. हा बघा पासवर्ड, त्याच्या अक्षरात."

खालच्या दुकानात कुणीतरी किल्ली घासत होतं.

"आई," धाकटी म्हणाली. एवढंच.

"तासभर झटले. नाही झालं. तुझं हसं होईल म्हणून खोटं बोलले. आणि माझं होईल म्हणूनही," मी म्हटलं. "टायपिस्टबाई, मी तुमच्या वयावर बोलले, पण निदान तुम्ही एकाच आकड्यात खोटं बोलता."

टायपिस्टबाई इतक्या जोरात हसल्या की वकीलबाईंनाही हसू येऊन चष्मा काढावा लागला. मास्तर पिशवी मांडीवर घेऊन बसले, पण बसले.

धाकटी हसली नाही. तिने पाकीट उचललं, अर्थातच उलटं केलं, मग टायवाल्याकडे वळली. "ह्यांनी पाठवलेले कागद तुमच्याकडे आत आलेत ना? दाखवा."

निळ्याचं आत आलेलं बघायची किल्ली तोवर टायवाल्याकडेच होती. ट्रायल संपली की देतो म्हणाला होता. आता त्याला उघडावं लागलं. माझे सात कागद मोठ्या पडद्यावर आले. सहा नुसते पुढच्या बाजूचे. आणि सातवा, जिथे भाडेकरार असायला हवा होता, तिथे खोकल्याच्या औषधाची बाटली. औषधवाल्याचं बोट चुकून दाबलं गेलं असणार. खाली हिरव्या अक्षरांत: धन्यवाद, आपले कागद मिळाले.

"ह्याने बाटलीसुद्धा मिळाली म्हणून सांगितलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मॅडम, तपासायची सोय वरच्या योजनेत आहे," टायवाला म्हणाला.

धाकटीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. घरी बसते तशी.

"आई, आता हिरव्याचं सांगा. हट्टी म्हणजे काय केलं त्याने? एक एक सांगा."

मी सांगितलं. दोन चौकटी. पहिलीत फोटो. तीनदा काढला, तीनदा अपूर्ण.

"दुसऱ्या चौकटीत काय टाकलंत?"

"काही नाही. कागद तर एकच होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे. अठरा वर्षं मी ह्या बाईला बशीची पाठ बघताना बघितलंय, आणि माझ्या डोक्यात आलं नाही की दुसरी चौकट पाठीची असेल.

"ती मागची बाजू मागत होती," मी हळूच म्हटलं.

"आणि मिळाल्याशिवाय सोडत नव्हती," धाकटी म्हणाली. "त्या दोन घरांच्या वेळी एवढा हट्ट कुणी केला असता ना..." तिने वाक्य पुरं केलं नाही. वकीलबाईंकडे वळून म्हणाली, "मला हिरवं हवंय. पासवर्ड नाही, मेसेज उघडला की आत. एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. अर्धं आलं तर घेत नाही. फक्त त्याला बोलता येत नाही, ते मी शिकवते. त्यातले शब्द आपल्याला बदलता येतात."

"आणि ज्यांना फोनच वापरता येत नाही?" वकीलबाईंनी मास्तरांकडे बघत विचारलं.

"त्यांच्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी हे टेबल. कागद त्यांनी आणायचे, फोटो आपण काढायचे, बटण त्यांनी दाबायचं. कागद मास्तरांचे आहेत, बटणही त्यांनीच दाबायला हवं."

वकीलबाईंनी टायवाल्याशी हात मिळवला, फार छान बोललात म्हणाल्या, आणि जिन्यापर्यंत पोचवायला टायपिस्टबाईंना पाठवलं. त्याला जाताना खाली हाक मारायची असते हे माहीत नव्हतं. कुलुपवाल्याच्या गिऱ्हाइकावर आदळला म्हणे.

घरी येताना बसमध्ये धाकटी खिडकीबाहेर बघत होती.

"रागावलीस?" मी विचारलं.

"हो."

मग तिने पिशवीतून वही काढली.

"उद्या हिरवं पुन्हा करून बघायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "आणि औषधवाल्याच्या दुकानाला उद्या सुट्टी आहे असं समजा."

मी केलं. या वेळी १ आणि २ च्या जागी तिचे शब्द होते. पहिल्या चौकटीत: कागदाची पुढची बाजू. दुसरीत: आता कागद उलटा करा. आणि लाल "अपूर्ण" जाऊन तिथे आलं: मागची बाजू राहिली, तेवढी पाठवा. तिचाच आवाज. घरात रोज ऐकते तोच. एकोणतीस मिनिटं लागली, कुणाची मदत नाही, आणि हे खरं आहे.

कागद गोळा व्हायला पाच आठवडे लागले. तिच्या पडद्यावर चौसष्ट घरांची यादी असायची, सात कागद आले की घरापुढे खूण उमटायची. सकाळी चहाच्या वेळी ती मला आकडा सांगायची, बावीस, एकोणचाळीस, सत्तावन्न. माझा मुलगा त्यावर "लिफ्ट सत्तावन्नाव्या मजल्यावर" असं काहीतरी म्हणायचा आणि आम्ही त्याला गप्प करायचो. त्रेसष्टावर चार दिवस अडलं. राहिले होते टेलरमास्तर. मंगळवारी टेबलापाशी येऊन बसायचे, पण शेवटचा एक दाखला मुलीकडच्या ट्रंकेत होता. शेवटच्या शुक्रवारी दुपारी तो घेऊन आले. खिडकी बंद व्हायला तीन दिवस होते.

धाकटीने फोटो काढले, त्यांनी बटण दाबलं. मग म्हणाले, "थांब पोरी, आधी पाठवलेल्यांच्या मागच्या बाजू नीट गेल्यात ना?" आणि पिशवीतून सातही कागद काढून पुन्हा उलटे मांडले. त्यातल्या चारांच्या पाठी कोऱ्या होत्या. त्यांनी हट्टाने त्यांचेही फोटो काढून घेतले. इस्त्रीच्या कपड्यांसारखे कागद नीट रचून ठेवले, आणि मग स्वतःच्या पासपोर्ट फोटोचीही पाठ पाठवली.

धाकटीने त्यांना अडवलं नाही. चौसष्ट खुणा झाल्यावर तिने मला ऑफिसातून फोन केला.

"झालं, आई."

"सगळी?"

"सगळी. एकसुद्धा राहिलं नाही."

मागे मास्तरांचा आवाज आला, "वहिनींना सांग, मीही एकट्याने केलं." आणि टायपिस्टबाई म्हणाल्या, "मास्तर, खोटं बोलायचं तर एकाच आकड्यात."

संध्याकाळी धाकटी घरी आली, चप्पल काढली, हात धुतले, वही काढली. निळ्याचं पान उघडलं. "मदत नाही" वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: औषधवाला. मग पान उलटलं आणि मागच्या बाजूला शिक्क्यासारखी तारीख घातली.